राजाच्या उडीपासून किल्लेकोटापर्यंत

बुद्धिबळ शिकवताना किल्लेकोट (म्हणजे कॅसलिंग, एकाच चालीत राजा दोन घरं सरकतो आणि हत्ती त्याच्या पलीकडे येतो) बहुतेक वेळा शेवटी शिकवतात, आणि तोही "पहिल्या दहा चालीत कॅसलिंग उरकून घे" एवढ्या एका वाक्यात, त्यामुळे मुलांना वाटतं की हा नियम खेळात पहिल्यापासून आहे आणि तो फक्त सोयीसाठी आहे. तसं अजिबात नाहीये. चतुरंगात, म्हणजे बुद्धिबळाच्या जुन्या भारतीय रूपात, किल्लेकोट नव्हता, तिथून पुढे इराण आणि अरबांकडे गेलेल्या शतरंजमध्येही नव्हता, आणि का नव्हता हे एकदा कळलं ना की आज कधी करायचा याचं उत्तर बरंचसं आपोआप मिळतं.

शतरंजमध्ये वजीर म्हणजे फक्त तिरकं एक घर चालणारा मोहरा. उंटाच्या जागचा मोहरा (त्यांच्याकडे तो फील, म्हणजे हत्ती) तिरकी दोन घरं उडी मारायचा, बस. लांबून मारा करणारा एकच, तो म्हणजे कोपऱ्यातला आपला हत्ती. अशा पटावर राजा मधोमध उभा असला तरी त्याच्यापर्यंत पोचायला समोरच्याला ढीगभर चाली लागायच्या, म्हणून तेव्हाचे खेळाडू निवांतपणे आधी आपली ठरलेली मांडणी, म्हणजे तबिया, उभी करायचे आणि मग कुठे भिडायचे. राजाला लपवायची घाईच नव्हती.

तरी राजाला थोडी मोकळीक असावी असं लोकांना वाटत होतंच. १३ व्या शतकापासून युरोपात राजाच्या उडीचे उल्लेख मिळतात, म्हणजे राजाने डावात एकदाच दोन घरं जायचं किंवा घोड्यासारखं अडीच घरं उडायचं, आणि याचे नियम गावोगावी वेगळे. आपल्याकडच्या देशी पद्धतीतही हेच होतं, राजाला तोवर एकही शह बसला नसेल तर त्याला एकदा घोड्याची चाल करता यायची, आणि प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जायचं. ही पद्धत आपल्याकडे खूप उशिरापर्यंत टिकली. १८१४ मध्ये मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचं संस्कृतातून इंग्रजीत आणलेलं डावांच्या कोड्यांचं पुस्तक छापलं गेलं, त्याच्या नावातच युरोपियन पद्धतीला जुळवून घेतल्याचं सांगितलंय, म्हणजे दोन पद्धती शेजारी शेजारी नांदत होत्या हे उघड आहे. पंजाबचे मीर सुलतान खान याच देशी नियमांवर तयार झाले, १९२९ ला इंग्लंडला गेले आणि त्याच वर्षी ब्रिटिश चॅम्पियन झाले, पुढे १९३२ आणि १९३३ ला परत. ज्या पद्धतीत किल्लेकोटच नाही तिच्यात मुरलेला माणूस हे करतो, याचं मला आजही फार कौतुक वाटतं.

खरी उलथापालथ झाली १५ व्या शतकाच्या शेवटी, स्पेन आणि इटलीकडे. वजिराला एकदम सगळ्या दिशा मिळाल्या आणि उंटाला पूर्ण तिरपी रेघ. आता चौथ्या पाचव्या चालीलाच वजीर आणि उंट मिळून एफ७ वर (घराच्या नावात अक्षर उभ्या रांगेचं, आकडा आडव्या रांगेचा; हे घर काळ्या राजाच्या तिरकं समोर) मारा करायला लागले, आणि ते प्यादं असं की सुरवातीला त्याला राखणारा फक्त राजाच असतो. मधे बसलेला राजा अचानक उघड्यावर आला. किल्लेकोटाची गरज इथे जन्माला आली.

पण तोही एका दमात आला नाही. १५०० च्या आसपासच्या गटिंगन हस्तलिखितात (बुद्धिबळावरचं एक जुनं हस्तलिखित) आणि लुसेना या स्पॅनिश लेखकाने छापलेल्या एका डावात तो दोन चालींत होतो, आधी हत्ती राजाजवळ आणायचा आणि पुढच्या चालीला राजाने त्याच्यावरून उडी मारायची. या दोन चाली एक कधी झाल्या तर पुढच्या शंभर सव्वाशे वर्षांत, आणि १७ व्या शतकात फ्रान्स इंग्लंडमध्ये आजची पद्धत बसली, राजा दोन घरं आणि हत्ती त्याच्या पलीकडे. इटलीवाले मात्र ऐकेनात. त्यांच्याकडे मुक्त किल्लेकोट होता, हत्ती राजाच्या घरापर्यंत कुठेही ठेवा, राजा त्याच्या पलीकडे कुठेही, म्हणजे राजा थेट कोपऱ्यात एच१ वर आणि हत्ती एफ१ किंवा ई१ वर, सगळं एका चालीत. हे १९ व्या शतकाच्या शेवटापर्यंत चाललं आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धा वाढल्यावर मागे पडलं. लिहायची खूण पण याच काळातली, अलगायर या बुद्धिबळ लेखकाने १८११ ला ०-० वापरलं आणि अलेक्झांड्र या दुसऱ्या लेखकाने १८३७ ला लांबच्या, म्हणजे वजिराच्या, बाजूसाठी ०-०-० आणलं.

नियमाच्या अटी सगळ्यांना पाठ असतात पण एका ठिकाणी मोठे मोठे अडखळलेत. राजा शहात नको, ज्या घरावरून जातो आणि जिथे थांबतो तिथे मारा नको, हे सगळं फक्त राजासाठी आहे, हत्तीवर मारा असेल तर खुशाल करा. १९७४ ला मॉस्कोत, जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या लढतीत, कारपॉव्हविरुद्ध कोर्चनॉय २१ वा डाव खेळत होता, एच१ च्या हत्तीवर डी५ च्या उंटाचा मारा, आणि त्याने चक्क पंचांना, ओ'केलींना, विचारलं की आता कॅसलिंग चालतं का. चालतं म्हटल्यावर १८ व्या चालीला केलं आणि पुढच्या चालीनंतर कारपॉव्हने डाव सोडला. आणि बघा, किल्लेकोट १८ व्या चालीला, दहाच्या आत नाही, कारण हल्ला कोर्चनॉयचा चालू होता आणि समोरच्याला श्वास घ्यायला वेळ नव्हता.

म्हणून मला ते "दहा चालीत उरका" पुरेसं वाटत नाही. बघायचं ते मधली प्यादी. ई आणि डी फाईल (पटाच्या मधल्या उभ्या रांगा) उघडणार असतील तर एक चालही थांबू नका. १८५८ ला पॅरिसच्या ऑपेरात अमेरिकन खेळाडू मॉर्फीने ब्रन्सविकचा ड्यूक आणि काउंट इझुआर यांच्याविरुद्ध १२ व्या चालीला लांबचा किल्लेकोट केला तेव्हा राजा सुरक्षित झालाच पण त्याच चालीत हत्ती थेट उघड्या डी फाईलवर आला, आणि काळ्याचा राजा शेवटपर्यंत मधेच अडकून १७ व्या चालीला मात. अर्धा फायदा हत्तीचा असतो हे लोक विसरतात. उलट मधली प्यादी एकमेकांत अडकून बसली असतील तर थांबा, समोरच्याला आपला राजा कुठल्या बाजूला जाणार ते लवकर सांगू नका. वजिराच्या बाजूला केला तर ए२ चं प्यादं उघडं राहतं आणि बऱ्याचदा राजाला बी१ वर न्यायला आणखी एक चाल जाते, ती हिशोबात धरा. आणि दोघांनी उलट बाजूंना केला, जसं सिसिलियन ड्रॅगन या सुरवातीच्या चालींच्या प्रकारात होतं, तर मग प्यादी पुढे ढकलायची शर्यत, ज्याचा हल्ला आधी पोचला तो जिंकला.

वजीर पटावरून गेले की मात्र गणित बदलतं. २००० साली लंडनला जगज्जेतेपदाच्या लढतीत क्रामनिकने कास्पारॉव्हविरुद्ध बर्लिन डिफेन्स (काळ्याची एक ठरलेली सुरवात) खेळला, त्यात आठव्या चालीला वजीर मारामारी होते आणि काळा राजा डी८ वर येऊन किल्लेकोटाचा हक्कच घालवतो, तरी कास्पारॉव्हला पूर्ण मॅचमध्ये एकही डाव जिंकता आला नाही. वजीर नसेल तर मधला राजा पुन्हा शतरंजमधल्यासारखा बराच सुरक्षित होतो, तेच जुनं कारण.

याच क्रामनिकने २०१९ मध्ये किल्लेकोटच काढून टाका असं सुचवलं, डीपमाइंड कंपनीच्या अल्फाझीरो या बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणक प्रणालीवर तशी व्हर्जन तपासून. २०२१ मध्ये डॉर्टमुंडला आनंद आणि क्रामनिक त्या नियमाने चार डाव खेळले, आनंदने अडीच दीडने जिंकलं. त्या पद्धतीत राजाला एफ१, जी१ असं एकेक घर चालवत न्यावं लागतं, हत्तीला बाहेर काढायला एच चं प्यादं पुढे न्यावं लागतं, आणि तेवढ्या वेळात समोरच्याला मधे फाईल उघडता येते.