न्यायसहायक लेखांकन व अपहार-प्रतिबंध : मराठवाड्यातील ऑनलाइन अध्ययन

हिशेबाची पुस्तके, पावत्या, बँकेचे उतारे व संगणकातील नोंदी यांची न्यायालयात टिकेल अशी छाननी करण्याचे, तसेच अपहाराच्या वाटा आधीच ओळखून बुजवण्याचे शास्त्र. वार्षिक लेखापरीक्षणात हिशेब एकंदरीत खरे व वाजवी आहेत का, एवढे पाहतात. येथे प्रश्न वेगळा असतो : रक्कम कोणाच्या हातून, कोणत्या तारखेला, कोठे गेली आणि ते शाबीत कसे करावयाचे.

संज्ञेबाबत मराठीत एकवाक्यता नाही. वृत्तपत्रे सर्रास ‘फॉरेन्सिक ऑडिट’ लिहितात. काही ठिकाणी ‘न्यायवैद्यक लेखापरीक्षण’ असेही आढळते. परंतु न्यायवैद्यक ही शवचिकित्सा, जखमा, विषे यांच्याशी निगडित संज्ञा असल्याने ती येथे गैरलागू ठरते. शासकीय प्रयोगशाळांसाठी रुळलेला ‘न्यायसहायक’ हा शब्द अधिक नेमका वाटतो. ‘फ्रॉड’साठी सहकार खात्याच्या पत्रव्यवहारात ‘अपहार’ किंवा ‘गैरव्यवहार’ येतो, तर लोकांच्या तोंडी ‘अफरातफर’. या तिन्हींच्या अर्थच्छटा सारख्या नाहीत. प्रत्येक गैरव्यवहार हा अपहार नसतो, हे विद्यार्थ्याने पहिल्याच सत्रात ध्यानी घ्यावे लागते.

या शास्त्राच्या उगमाविषयी मतभेद आहेत. अनेक पाठ्यपुस्तके १८१७ मधील ‘मेयर विरुद्ध सेफ्टन’ या खटल्यापासून सुरुवात करतात. दिवाळखोराचे हिशेब न्यायालयात पानोपान वाचणे अशक्य असल्याने ते तपासलेल्या साक्षीदाराचा निष्कर्ष त्यात ग्राह्य धरला गेला. हा खटला कॅनडातील असल्याचे एकावरून दुसऱ्याने उतरवून घेतलेले दिसते. निवाडा मात्र इंग्लंडमधील स्टार्कीच्या निवाडासंग्रहात आहे, त्यामुळे तो इंग्रजी न्यायालयाचाच मानणे सयुक्तिक. दुसरा पक्ष ग्लासगोचा लेखापाल जेम्स मॅक्लेलंड याने १८२४ मध्ये काढलेल्या परिपत्रकाकडे बोट दाखवतो. लवाद व न्यायालये यांच्यासाठी हिशेब-तक्ते करून देण्याची सेवा त्यात नमूद होती. इंग्रजी संज्ञेचा पहिला छापील वापर मॉरिस पेलूबे या अमेरिकन लेखापालाच्या १९४६ मधील लेखात झाला, असे सामान्यतः मानतात. १९३१ मध्ये शिकागोचा गुंड अल कपोन याला करचुकवेगिरीत शिक्षा झाली ती हिशेबवह्यांच्या पुराव्यावर. त्या वेळी काम होते, नाव रुळले नव्हते.

भारतीय अभ्यासक्रमांत आरंभ बहुधा कौटिलीय अर्थशास्त्राने होतो. त्याच्या दुसऱ्या अधिकरणात राजद्रव्याच्या अपहाराचे चाळीस प्रकार सांगितले आहेत : आधी वसूल झालेले नंतर दाखवणे, एकाकडून आलेले दुसऱ्याच्या नावे जमा करणे इत्यादी. पाण्यातला मासा पाणी केव्हा पितो ते जसे कळत नाही, तसे अधिकारी पैसा केव्हा खातो ते कळत नाही, हा दृष्टान्त त्याच भागातला. ग्रंथाचा काळ मात्र वादग्रस्त आहे. मुंबई विद्यापीठासाठी चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणारे र. पं. कंगले तो मौर्यकालीन मानतात. टॉमस ट्राउटमन यांनी १९७१ मध्ये शब्दांची वारंवारता मोजून तो अनेकहस्ती व बराच नंतरचा ठरवला, आणि अलीकडील कल सामान्यतः याच बाजूला आहे. (मोजणीवरून हात ओळखण्याची ही रीत पुढे येणाऱ्या अंकचाचणीची चुलत बहीणच म्हणावी.) इ. स. पू. चौथे शतक ही तारीख निःशंकपणे देणाऱ्या व्याख्यानचित्रफिती म्हणून सावधपणे पाहाव्यात.

मराठवाड्यापुरते बोलायचे तर देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप (दप्तरप्रमुख) हेमाद्री याचे नाव हटकून घेतले जाते. महादेव व रामचंद्र यांच्या कारकिर्दींत, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, दप्तर त्याच्या अखत्यारीत होते. मोडी लिपीचे जनकत्व त्याला देणारी परंपरा लोकप्रिय असली तरी ती प्रचलित लिपीला त्याने दप्तरी शिस्त लावली, एवढ्यापुरतीच घेणे बरे. दप्तर सांभाळणे म्हणजे अपहार शोधणे नव्हे, हेही लक्षात ठेवावे. त्यापेक्षा जवळचा धागा शब्दांत आहे. ‘झाडा’ म्हणजे जमाखर्चाचा निकाल लावणारा शेवटचा हिशेब; आजच्या ‘झाडाझडती’त तो शिल्लक आहे.

अपहाराच्या कारणमीमांसेत अमेरिकन गुन्हेशास्त्रज्ञ डोनाल्ड क्रेसी याचे १९५३ मधील संशोधन पायाभूत आहे. सांगता न येणारी आर्थिक अडचण, संधी आणि मनाची समजूत ही तीन अंगे त्यातून पुढे आली. ‘अपहार त्रिकोण’ हे नाव क्रेसीचे नव्हे, उत्तरकालीनांचे. २००४ मध्ये वुल्फ व हर्मनसन यांनी ‘क्षमता’ हे चौथे अंग जोडले.

अध्ययनाच्या वाटा मोजक्या आहेत. भारतीय सनदी लेखापाल संस्थेचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम केवळ तिच्या सभासदांसाठी आहे. या संस्थेची न्यायसहायक लेखांकन व अन्वेषण मानके १ जुलै २०२३ पासून सभासदांवर बंधनकारक झाली. सभासद नसलेल्यांना २०१७ मध्ये सुरू झालेले ‘स्वयम्’ हे केंद्रीय व्यासपीठ, विद्यापीठांचे ऑनलाइन वर्ग किंवा अमेरिकेतील अपहार-परीक्षकांच्या संघटनेची (स्थापना १९८८) परीक्षा यांकडे वळावे लागते. छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहे. पण तिचा भर प्रयोगशाळेतील विज्ञानावर आहे. सहकार खात्याची जी. डी. सी. अँड ए. (सहकार व लेखा यांची शासकीय पदविका) ही परीक्षा या शास्त्राची मानली जात नाही. तरीही गावपातळीवरचा अपहार प्रथम दिसतो तो बहुधा तीच उत्तीर्ण झालेल्या लेखापरीक्षकाला.

अभ्यासक्रमांतील उदाहरणे एन्रॉनची किंवा जानेवारी २००९ मध्ये उघड झालेल्या सत्यमची असतात. परभणी किंवा केज येथे बसून शिकणाऱ्याच्या समोर मात्र पतसंस्था, जिनिंग, आडत दुकान, साखर कारखान्याचा वजनकाटा येतो. तेथे समभागांच्या किमती फुगवण्याचे कारण नसते. असतात ती बेनामी कर्जे, जुने कर्ज फेडल्याचे दाखवण्यासाठी दिलेले नवे कर्ज, आणि पिग्मी. पिग्मी ठेव ही १९२८ मधील उडुपीच्या सिंडिकेट बँकेची कल्पना. आज बाजारपेठेत रोज संध्याकाळी फिरणारा एजंट दुकानदाराच्या पुस्तकावर १०० लिहितो आणि संस्थेच्या खतावणीत ५० चढतात. दोन कागद एका टेबलावर कधी येत नाहीत, हाच त्याचा आधार. म्हणून येथे संगणकीय चाचणीआधी खातेदारांची पासबुके गोळा करून शिल्लक जुळवणे हे काम येते, आणि ते घरबसल्या होत नाही.

तारखांची पडताळणी हा दुसरा साधा उपाय. कर्जरोख्यावर १४ तारीख, आणि त्याच मुद्रांकाच्या पाठीवर विक्रेत्याने घातलेली तारीख १९. रोजकिर्दीत कर्जवाटप रविवारचे. पावतीपुस्तकातील क्रमांक सलग, पण शाई व अक्षर महिनाभर एकच. हे दिसायला डोळा लागतो, सॉफ्टवेअर नव्हे.

अंकचाचणी त्यानंतर. सायमन न्यूकम (१८८१) व फ्रँक बेनफर्ड (१९३८) यांनी दाखविल्याप्रमाणे नैसर्गिक आकडेवारीत पहिला अंक १ असण्याचे प्रमाण ३०.१ टक्के, तर ९ असण्याचे ४.६ टक्के असते. आयकर कायद्यातील रोखीने ठेव घेण्याची २०,००० रुपयांची मर्यादा चुकवण्यासाठी १९,५००, १९,९०० अशा ठेवी दाखवल्या, तर पहिल्या अंकाच्या चाचणीत त्या सहज निसटतात, कारण १ हा अंक तसाही जास्तच अपेक्षित असतो. पहिले दोन अंक घेतले की ‘१९’चे अपेक्षित प्रमाण जेमतेम २.२ टक्के उरते आणि गर्दी उघडी पडते. पिग्मीच्या ५०-१००च्या ठरीव रकमांना हा नियम लागूच होत नाही. तेथे तो चालवून काढलेले निष्कर्ष निरर्थक होत.

कायद्याच्या अंगात अभ्यासक्रम कंपनी अधिनियम २०१३ च्या कलम ४४७ (फसवणुकीची शिक्षा) वर रेंगाळतात. या भागात उपयोगी पडतात ती महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० ची कलमे : ८१ (लेखापरीक्षण), ८३ (चौकशी) व ८८ (नुकसानीची जबाबदारी). संस्था बहुराज्यीय असेल तर २००२ चा केंद्रीय अधिनियम लागू होऊन निबंधकाचा अधिकार दिल्लीकडे जातो, आणि ठेवीदाराला जिल्हा उपनिबंधकाच्या दारातून परतावे लागते. तो मग बहुधा पोलिसांकडे व ठेवीदारांच्या हितसंबंध संरक्षणाच्या १९९९ च्या राज्य अधिनियमाकडे वळतो. त्या अधिनियमाखाली मालमत्ता जप्त करता येते. लिलावाचे पैसे हाती येणे ही वेगळी बाब.

भारतीय साक्ष अधिनियम २०२३ (१ जुलै २०२४ पासून लागू) च्या कलम ६३ नुसार संगणकीय नोंद पुराव्यात द्यायची तर सोबत प्रमाणपत्र व नोंदीचे हॅश मूल्य (फाइलच्या मजकुरावरून गणिताने निघणारी तिची ओळखखूण) लागते. ऑनलाइन वर्गात हा धडा चांगला वठतो. रोजकिर्दीच्या फाइलचे ६४ वर्णांचे हॅश काढायचे, एका रकमेतील ३ चा ८ करायचा, पुन्हा काढायचे. सगळी ओळ बदलते. प्रमाणपत्राला दोन भाग असतात. भाग ‘ब’ तज्ज्ञाचा, तो विद्यार्थी सरावात भरतो. भाग ‘अ’वर संगणक ज्याच्या ताब्यात होता त्याची सही हवी, आणि अपहार झालेल्या संस्थेत तो गृहस्थ बहुधा रजेवर असतो.