ट्रॉली परत ठेवायची कोणी? एका वादाची पार्श्वभूमी

सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये मोकाट सोडलेल्या सामानाच्या ट्रॉलीवरून आज जे भांडण होतं, त्याची भाषा फार जुनी नाही. 2020 मध्ये इंटरनेटवर फिरलेल्या एका निनावी मजकुराने ट्रॉली परत ठेवणं ही माणसाच्या लायकीची परीक्षा ठरवून टाकली. ठेवली तर बक्षीस नाही, नाही ठेवली तर शिक्षा नाही. म्हणजे जो ठेवतो तोच स्वतःच्या शिस्तीवर जगायला लायक. मांडणी चटपटीत होती, पसरायला वेळ लागला नाही. त्याच्या 3 वर्षं आधी, 2017 मध्ये, एका मानववंशशास्त्रज्ञ लेखिकेने याच विषयात ग्राहकांचे प्रकार पाडले होते: नेहमी ठेवणारे, कधीच न ठेवणारे, सोय असेल तर ठेवणारे, कोणी बघत असेल तर ठेवणारे, आणि मुलांना ट्रॉली ढकलायची हौस म्हणून ठेवणारे. ती पाहणी समजून घेण्याच्या सुरातली होती. नंतर आलेली ‘परीक्षा’ थेट निकाल देणारी होती. लोकांना निकालच जास्त आवडला.

या परीक्षेत एक गृहीतक न बोलता शिरलं आहे: ट्रॉली जागेवर नेणं हे पहिल्यापासून ग्राहकाचंच काम. ते तसं नव्हतं. 1937 मध्ये ओक्लाहोमा सिटीतल्या एका किराणा साखळीच्या मालकाने घडीच्या खुर्चीवरून सुचलेली दोन टोपल्यांची चाकं लावलेली चौकट दुकानात आणली, तेव्हा तिला कोणी हात लावेल का, इथूनच सुरुवात होती. गिऱ्हाइकं बिचकली, म्हणून पगारी माणसं आणून त्यांना दुकानात ट्रॉल्या ढकलत फिरवलं गेलं. 1946 मध्ये कॅन्सस सिटीत एकीत एक शिरणारी ट्रॉली तयार झाली. रांगेत घुसवता येते म्हणून ट्रॉलीला ‘जागा’ मिळाली, आणि जागा असली तरच ती चुकवता येते.

त्या काळात अमेरिकेतल्या कित्येक दुकानांत सामान गाडीपर्यंत पोचवायला पोरगा असे. ट्रॉली बाहेर गेलीच तर तोच ती परत आणी. उपनगरं वाढली, दुकानापुढे मैदानाएवढं पार्किंग आलं आणि पोचवणाऱ्या पोराचा पगार वाचवायची चाल बऱ्याच साखळ्यांनी धरली. काम गिऱ्हाइकाच्या अंगावर आलं, पण त्याची दवंडी कोणी पिटली नाही. पार्किंगच्या मधोमध ट्रॉल्यांसाठी कठडे उभे राहिले, म्हणजे गिऱ्हाईक दारापर्यंत येणार नाही हे दुकानांनीच मान्य केलं होतं.

ज्यावरून खरा वाद झाला तो निर्णय त्यानंतरचा, आणि तो अमेरिकेचा नाही. 1980 च्या दशकात जर्मनी आणि आसपासच्या देशांत ट्रॉलीच्या दांड्याला नाण्याचं कुलूप बसू लागलं. नाणं सरकवलं की साखळी सुटते, ट्रॉली रांगेत लावून शेजारणीची साखळी खोचली की नाणं बाहेर येतं. दुकानाच्या दृष्टीने हिशेब सोपा: ट्रॉल्या गोळा करायला माणूस कमी लागतो. याच पद्धतीची एक जर्मन दुकानसाखळी अमेरिकेत 25 सेंटच्या नाण्यावर हे चालवते. तिथल्या बाकीच्या बहुतेक मोठ्या दुकानांनी मात्र कुलूप घेतलं नाही, कारण दारातच गिऱ्हाइकाकडून तारण मागणं त्यांना धंद्याच्या मुळावर येणारं वाटलं.

कुलूप लावणाऱ्यांची बाजू अशी की एवढ्याशा नाण्याने पार्किंग स्वच्छ राहतं, तर शिष्टाचाराचे फलक लावून काय मिळालं? विरोधकांचं म्हणणं, जे काम लोक मनाने करत होते त्याला किंमत चिकटवली की मन बाजूला पडतं. या दुसऱ्या बाजूला एक दाखला नेहमी दिला जातो. इस्रायलमधल्या हैफा शहरात 10 पाळणाघरांवर केलेला एक अभ्यास 2000 मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावला, तर उशीर कमी व्हायच्या ऐवजी वाढला, आणि दंड काढून टाकल्यावरही वाढलेलाच राहिला. पालकांनी दंडाला उशिराची फी समजून घेतलं होतं.

दाखला दमदार आहे, पण इथे पुरता बसत नाही. ट्रॉलीचं नाणं दंड नाही, तारण आहे; काम केलं की पूर्ण परत मिळतं. शिवाय सोडून दिलेलं नाणं हवेत विरत नाही. ज्याला गरज आहे किंवा ज्या पोराला हौस आहे, तो ट्रॉली रांगेत नेऊन ते काढून घेतो. म्हणजे काम होतंच, फक्त दुसऱ्याच्या हातून. काही ठिकाणी तर निघालेला माणूस येणाऱ्याकडून नाणं घेऊन कुलपात आपलं नाणं असलेली ट्रॉली तशीच त्याच्या हाती देतो. जिथे हे सगळं रोज चालतं तिथे ‘बक्षीस नाही’ हे 2020 च्या परीक्षेचं पहिलं कलमच लागू होत नाही, हे परीक्षा पसरवणाऱ्यांच्या फारसं ध्यानात आलं नाही.

कुलपाची खरी अडचण नाण्यातच निघाली. ब्रिटनमध्ये मार्च 2017 मध्ये 12 कोनांचं नवं एक पौंडी नाणं आलं आणि ऑक्टोबरात जुनं गोल नाणं बाद झालं. जुन्या नाण्याच्या मापाची कुलपं बदलावी लागली. एका मोठ्या साखळीने तर काही दुकानांतल्या ट्रॉल्या तात्पुरत्या कुलपाविनाच ठेवल्या.

ट्रॉल्या मोकाट राहिल्या की काय होतं, यावर 2008 चा एक डच प्रयोग आहे. ग्रोनिंगेन शहरातल्या संशोधकांनी सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये गाड्यांच्या काचेवर कागद खोचून ठेवले. आवारात ट्रॉल्या नीट होत्या तेव्हा 30 टक्के लोकांनी कागद जमिनीवर टाकला. मुद्दाम काही ट्रॉल्या इतस्ततः सोडल्या तेव्हा 58 टक्क्यांनी. एकाचा आळस दुसऱ्याला परवाना वाटतो, असा निष्कर्ष निघाला. सुटलेली ट्रॉली अपंगांच्या गाडीशेजारच्या पट्ट्यांच्या जागेत उभी राहिली तर मात्र निष्कर्षाची वाट बघावी लागत नाही: अमेरिकी नियमांत ती जागा किमान 5 फूट रुंद असते, ती चाकाच्या खुर्चीसाठी मोकळी हवी, आणि एक ट्रॉली ती अडवायला पुरते.

कायदा या सगळ्यात बाजूलाच राहिला. कॅलिफोर्नियात ट्रॉली दुकानाच्या आवाराबाहेर नेणं गुन्हा आहे. आवारातच वाऱ्यावर सोडणाऱ्याचा हा कायदा विचार करत नाही. पार्किंगच्या कडेला जमिनीत तार पुरून चाक जाम करणारी यंत्रणाही तेवढ्याचसाठी, ट्रॉली बाहेर पडू नये म्हणून. ब्रिटनमध्ये 1990 च्या पर्यावरण कायद्याने स्थानिक प्रशासनाला रस्त्यावर बेवारस सापडलेल्या ट्रॉल्या उचलायचा अधिकार दिला, 2005 मध्ये तो आणखी कडक झाला. उचलण्याचा खर्च मात्र वसूल होतो तो ट्रॉलीच्या मालकाकडून, म्हणजे दुकानाकडून.