चष्म्याचा मायनस नंबर आणि डोळ्यांच्या व्यायामाचा इतिहास

डोळ्यांवर तळहात धरा, बुबुळं गोल फिरवा, सकाळचं कोवळं ऊन घ्या, चष्मा सुटेल. हा सल्ला आपल्याकडे बहुतेकदा योगाच्या पुस्तकातून येतो, म्हणून तो प्राचीन वाटतो. त्यातलं खरोखर जुनं म्हणजे त्राटक, म्हणजे पापणी न लवता एका बिंदूकडे टक लावून पाहणं. हठयोगप्रदीपिकेत धौती-नेतीच्या जोडीनं ते षट्कर्मांत (शरीरशुद्धीच्या सहा क्रियांत) येतं आणि नेत्ररोग घालवणारं म्हटलं आहे. पण लांबचं धूसर दिसण्याबद्दल तिथे अवाक्षर नाही. बाकीचा बराचसा ऐवज न्यूयॉर्कचा.

तिथले नेत्रवैद्य विल्यम बेट्स (1860–1931) यांनी 1920 मध्ये स्वतःच छापलेल्या पुस्तकात दावा केला की नंबर लागतो तो ताणामुळे. त्यांच्या मते डोळा जवळ-लांब जुळवून घेतो ते आतल्या भिंगामुळे नव्हे, बाहेरच्या स्नायूंमुळे. ते सैल केले की नजर सुधारते. तळहातांचा अंधार, झुलणं, ऊन घेणं हे सगळं तिथून आलं. ते तर थेट सूर्याकडे पाहायलाही सांगत, ज्यानं दृष्टिपटल (डोळ्याच्या आतला मागचा पडदा) भाजू शकतं. भारतात ही पद्धत डॉ. आर. एस. अगरवाल यांनी रुजवली. पाँडिचेरीच्या अरविंद आश्रमाशी जोडलेली त्यांची नेत्रशाळा प्रसिद्ध आहे, आणि आश्रमाच्या सहवासात बेट्ससाहेब अलगद योगी झाले.

गंमत अशी, की बेट्स जन्मण्याआधीच, 1854 मध्ये, नेत्रवैद्य फर्डिनांड आर्ल्ट यांनी दाखवून दिलं होतं की मायनस नंबरवाल्यांचा डोळा मागच्या बाजूला लांबलेला असतो. प्रौढांचा डोळा साधारण 24 मिलिमीटर लांब. त्यात एक मिलिमीटरची वाढ म्हणजे सुमारे अडीच ते तीन नंबर. ही लांबी बुबुळं फिरवून कमी होत नाही. मग काहींना फरक का जाणवतो? कधी आतल्या स्नायूला आलेला पेटका सुटतो, कधी मेंदू धूसर अक्षरं ओळखायला शिकतो. नंबर तिथेच राहतो.

चीननं हा प्रयोग सर्वांत मोठ्या प्रमाणावर केला. 1963 पासून तिथल्या शाळांत रोज संगीताच्या तालावर डोळ्यांभोवतीचे बिंदू दाबण्याचा व्यायाम सुरू झाला, पिढ्यान्‌पिढ्या चालला. 2018 च्या सरकारी पाहणीत निम्म्याहून जास्त मुलांना लघुदृष्टी (म्हणजे मायनस नंबर) निघाली.

सवयींचा धागा निराळा, आणि माझ्या मते जास्त कसदार. 1867 मध्ये ब्रेस्लाऊच्या (आताचं पोलंडमधलं व्रोत्सवाफ) नेत्रवैद्य हरमान कोन यांनी 10,060 शाळकरी मुलांचे डोळे तपासल्याचं प्रसिद्ध केलं. खेड्यातल्या शाळांत लघुदृष्टी शंभरात एखाद-दुसऱ्याला, वरच्या शिक्षणाच्या शाळांत चौथ्या हिश्शाहून जास्त मुलांना! कोन यांनी बोट ठेवलं ते अपुरा उजेड, वाईट बाकं आणि बारीक छपाई यांवर. पुढे विसाव्या शतकात सगळा दोष आनुवंशिकतेवर ढकलण्याची चाल पडली. 1969 मध्ये अलास्कातल्या एस्किमो कुटुंबांच्या पाहणीनं तिला धक्का दिला: आजी-आजोबांना जवळजवळ नंबर नाही, शाळेत गेलेल्या नातवंडांत मात्र निम्म्याहून अधिकांना. जनुकं दोन पिढ्यांत एवढी बदलत नाहीत.

2008 च्या सिडनीतल्या अभ्यासानं नजर बाकावरून मैदानाकडे वळवली: बाहेर जास्त वेळ घालवणाऱ्या मुलांत लघुदृष्टी कमी आढळली. वर्गात काहीशे लक्स (उजेड मोजण्याचं एकक) उजेड, बाहेर दहा हजारांच्या पुढे. तेजस्वी उजेडात दृष्टिपटलात डोपामिन हे रसायन स्रवतं आणि डोळ्याची वाढ आवरते, असं मानलं जातं. तैवाननं 2010 पासून शाळांत रोज 120 मिनिटं बाहेर घालवण्याचा आग्रह धरला. चीनमधल्या ग्वांगझूत रोज फक्त 40 मिनिटं जादा बाहेर ठेवलेल्या मुलांत तीन वर्षांत 30.4 टक्क्यांना लघुदृष्टी आली, इतरांत 39.5 टक्क्यांना. हा निकाल 2015 चा.

20-20-20 चा नियम (दर 20 मिनिटांनी 20 सेकंद 20 फुटांवर पाहणं) या वंशावळीतला नव्हेच. तो संगणकावर बसणाऱ्यांच्या थकव्यासाठी निघाला आणि थकव्यावर बरा आहे. मैदानाचा फायदाही मुख्यतः नंबर लागण्याआधीचा. लागलेला नंबर भराभर वाढू नये म्हणून आता नेत्रतज्ज्ञ ॲट्रोपिनचे सौम्य थेंब किंवा खास भिंगं देतात.