हर्णैला जाताय? मग सुवर्णदुर्गाचं आधी काय झालं ते ऐकून जा

दापोलीला जाणाऱ्यांचा प्लॅन साधारण ठरलेला असतो. मुरुड नाहीतर कर्देला रूम, सकाळी डॉल्फिन, दुपारी सुरमई थाळी आणि ताणून झोप, संध्याकाळी हर्णै बंदरावर माशांचा लिलाव, आणि तिथेच उभं राहून समोर पाण्यात दिसतो त्या किल्ल्याचा एक फोटो. "हा जंजिरा ना?" असं विचारणारे मी स्वतः ऐकलेत, एकदा नाही चार वेळा. तसं बघितलं तर जंजिरा म्हणजे बेटच, त्यामुळे शब्दाला चूक म्हणता येत नाही, पण मुरुड-जंजिरा तिकडे रायगड जिल्ह्यात, सिद्दीचा. हा सुवर्णदुर्ग. आणि दापोलीच्या मुरुडचा त्या मुरुडशी काही संबंध नाही, हे पण एकदाचं सांगून टाकते, दरवर्षी कुणीतरी चुकीचं लोकेशन लावून निघतंच.

माझं आजोळ दापोलीकडचं, त्यामुळे हा किल्ला लहानपणापासून बघत आले पण त्याची गोष्ट कळली खूप उशिरा. कळली तेव्हा जरा राग पण आला, कारण शाळेत आपल्याला आरमार म्हटलं की शिवाजी महाराज, मग कान्होजी, आणि तिथे धडा संपतो. पुढे त्या आरमाराचं काय झालं हे कोणी सांगतच नाही, आणि जे झालं त्याची सुरुवात नेमकी इथे, या हर्णैच्या पाण्यात झाली.

आधी जागा समजून घ्या. किल्ला एक नाही, चार आहेत. सुवर्णदुर्ग पाण्यात, आणि त्याच्यासमोर किनाऱ्यावर तीन छोटे, गोवा, कनकदुर्ग आणि फत्तेगड. कनकदुर्गावर आता दीपगृह आहे, फत्तेगडावर कोळ्यांची वस्ती झालीये, तिथे गेलात तर किल्ला शोधावा लागतो, घरं, जाळी आणि वाळत घातलेली मासळी आधी दिसते. गोवा किल्ला रस्त्यालाच लागून आहे म्हणून लोक तिथे थांबतात. एकेकटा बघितला तर यातला कुठलाच समजत नाही. किनाऱ्यावरच्या तिघांनी जमिनीकडची बाजू धरायची आणि पाण्यातल्याने समुद्राची, आणि मधल्या शांत पाण्यात आपली गलबतं आणि गुराबा, म्हणजे मोठी लढाऊ जहाजं, उभी करायची, असा तो सगळा हिशोब आहे. आज त्याच आडोशाला मच्छीमारांच्या बोटी नांगरलेल्या असतात. बंदर कशामुळे चांगलं हे तेव्हाच्या खलाशाला आणि आताच्या तांडेलाला सारखंच कळतं.

किल्ला मूळ आदिलशाहीतला. महाराजांनी १६६० च्या सुमारास घेतला आणि भक्कम केला. पुढे कान्होजी आंग्रे. आंग्रे हे मूळचे संकपाळ, पुण्याजवळच्या आंगरवाडीचे म्हणून आंग्रे, कान्होजींचे वडील तुकोजी महाराजांच्या चाकरीत होते. कान्होजींचं नाव मोठं झालं ते इथूनच असं सांगतात. सिद्दीचा वेढा पडला होता, किल्लेदार फितूर व्हायच्या बेतात होता, कान्होजींनी त्याला बाजूला करून किल्ला हातात घेतला, एकदा बाहेर पडून हल्ला केला त्यात पकडले गेले, तिथून निसटून पोहत परत किल्ल्यात आले. यात तिखटमीठ किती हे देव जाणे, पण किनाऱ्यावर उभं राहून ते अंतर बघितलं की पोहून जाणं अगदीच अशक्य वाटत नाही. १६९८ च्या सुमारास ते सरखेल झाले, म्हणजे आरमाराचे प्रमुख, आणि १७२९ ला वारले तोपर्यंत इंग्रज, पोर्तुगीज, सिद्दी सगळ्यांना पुरून उरले. आंग्र्यांचं दस्तक घेतल्याशिवाय या किनाऱ्यावरून गलबत न्यायचं नाही असा नियम होता, इंग्रज त्याला चाचेगिरी म्हणायचे. स्वतः मात्र पास विकायचे तो व्यापार. असो.

कान्होजी गेल्यावर घरात भांडणं लागली. मुलं बरीच, मानाजी अलिबागजवळच्या कुलाबा किल्ल्यावर, संभाजी इकडे दक्षिणेला, आणि संभाजीनंतर तुळाजी. तुळाजीकडे सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग दोन्ही. माणूस दर्यावर्दी म्हणून जबरदस्त होता पण त्याचं कुणाशीच पटलं नाही, भाऊ मानाजीशी नाही, सावंतवाडीकरांशी नाही, आणि पुण्यात नानासाहेब पेशव्यांशी तर मुळीच नाही. पेशव्यांना तो जुमानत नव्हता, त्यांच्या मुलखाला त्रास देत होता, हे खरंच आहे, त्याला उगाच साधू करण्यात अर्थ नाही. पण पेशव्यांनी त्यावर जो उपाय काढला तो म्हणजे पायात काटा रुतला म्हणून पायच तोडायचा. १७५५ च्या मार्चमध्ये कोकणचे सरसुभेदार रामाजीपंत आणि मुंबईचे इंग्रज यांचा करार झाला. तुळाजीला दोघांनी मिळून संपवायचं, आरमाराचं काम इंग्रजांनी बघायचं.

इंग्रजांकडून आला कमोडोर विल्यम जेम्स, त्याचं जहाज प्रोटेक्टर, ४४ तोफांचं, सोबत आणखी तीन. तुळाजीची गलबतं हर्णैला होती ती रातोरात निसटली आणि जयगडच्या दिशेने सुटली. जेम्स मागे लागला. या पाठलागाचं इंग्रजांनी लिहिलेलं वर्णन मला फार आवडतं. वारा पडलेला, म्हणून आपल्या खलाशांनी गलबत हलकं करायला सामान समुद्रात फेकलं, होती नव्हती ती शिडं चढवली, आणि ते पुरेना म्हणून अंगावरचे कपडे, गोधड्या, डोक्यावरची पागोटीसुद्धा सोडून वाऱ्याला धरली. पागोट्यांची शिडं! आणि निसटले. जेम्स जयगडजवळून हात हलवत परत फिरला.

परत येऊन बघतो तर पेशव्यांचं सैन्य किनाऱ्यावरच्या किल्ल्यांना वेढा घालून बसलंय, म्हणजे दोन मैल लांबून, मानेपर्यंत खोल चर खणून, आणि मारा करायला तोफ एकच, ती पण छोटी. हे अर्थात इंग्रज सांगतात, त्यांना आपली टिंगल करायचीच होती, तेवढं सोडून द्या. जेम्सला मुंबईहून हुकूम होता की फक्त समुद्राकडून नाकेबंदी कर, किल्ल्यावर हल्ला करू नको. त्याने हुकूम बाजूला ठेवला आणि २ एप्रिलला पश्चिमेच्या बाजूने तोफा सुरू केल्या. दिवसभरात काही शे गोळे टाकले पण तटाला काही होईना. रात्री किल्ल्यातून एक जण फुटून त्याच्याकडे आला, त्याने सांगितलं की या बाजूने उगाच दारूगोळा वाया घालवतोयस, इथे तट म्हणजे नुसता खडक कोरलाय, याला भगदाड पडायचं नाही.

हे वाक्य वाचून मी जेव्हा पुन्हा किल्ल्यावर गेले तेव्हा पहिल्यांदा तट नीट बघितला. खरंच खाली बराच भाग बेटाचाच खडक तासून सरळ केलेला आहे, आणि वर चिरे रचलेत. कुठे खडक संपतो आणि कुठे चिरा सुरू होतो ते जवळ गेल्याशिवाय कळत नाही, बोट हलत असते, त्यात फोटो काढायच्या नादात मी एक चप्पल समुद्राला दिली.

दुसऱ्या दिवशी जेम्सने जहाजं फिरवून किल्ला आणि किनारा यांच्या मधल्या पाण्यात आणली, म्हणजे आज हर्णैहून निघालेली आपली बोट जाते साधारण त्याच पट्ट्यात. तिथून दरवाजाची बाजू मिळाली. एका गोळ्याने आतलं छप्पर पेटलं, आग पसरत दारूच्या कोठारापर्यंत गेली आणि कोठार उडालं. बायका-मुलांसकट लोक होड्यांतून बाहेर पडले. चारही किल्ले पडले.

किल्ला ठरल्याप्रमाणे पेशव्यांना मिळाला. इंग्रजांच्या वाट्याला पुढे बाणकोट आला, त्याचं त्यांनी फोर्ट व्हिक्टोरिया केलं. आणि वर्ष व्हायच्या आत, फेब्रुवारी १७५६ मध्ये, इंग्रजांचे अ‍ॅडमिरल वॉटसन आणि रॉबर्ट क्लाइव्ह विजयदुर्गावर आले, तिथे खाडीत एकमेकांना खेटून उभं असलेलं तुळाजीचं सगळं आरमार जळून गेलं. तुळाजी पेशव्यांच्या हाती लागला आणि मरेपर्यंत कैदेत राहिला. वीर कोण, फितूर कोण यावर भांडायला लोकांना आवडतं, मला एवढंच दिसतं की त्यानंतर कोकणच्या समुद्रावर इंग्रजांना अडवेल असं कोणी राहिलं नाही आणि ते आपणच पैसे, सैन्य आणि निमंत्रण देऊन करून घेतलं.

आणि नियती पण काय असते बघा. १८०२ च्या ऑक्टोबरमध्ये यशवंतराव होळकरांनी हडपसरला पेशव्यांचा पराभव केला आणि दुसरा बाजीराव, म्हणजे नानासाहेबांचा सख्खा पुतण्या, पुणं सोडून पळाला तो महाडमार्गे याच सुवर्णदुर्गात येऊन राहिला. इथून पुढे वसईला गेला, इंग्रजांच्या आसऱ्याला, आणि ३१ डिसेंबरला वसईचा तह. स्वतःचं आरमार नसलेला पेशवा. १८१८ ला बाकीच्या राज्याबरोबर हा किल्ला पण गेला.

आता बघायला जाल तर. होडी हर्णै बंदरातून मिळते, पावसाळ्यात बंद. किल्ल्याला धड जेट्टी नाही, त्यामुळे गुडघाभर पाण्यात उतरायची तयारी ठेवा, आणि भरती-ओहोटीचं बोटवाला सांगेल ते ऐका, त्याच्याशी वाद घालू नका. दरवाजा पूर्वेला, किनाऱ्याकडे तोंड करून, पण अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. पायरीवर कासव कोरलंय आणि भिंतीत मारुती आहे, दोघांना बघून मग आत. आत रान माजलंय, जुन्या वाड्यांची जोती आहेत, विहिरी आहेत, आणि पश्चिमेला चोरदरवाजा. पाणी आणि टोपी घेऊन जा, आत काही मिळत नाही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून घेतलं त्यात सुवर्णदुर्ग आहे, तेव्हापासून चौकशी वाढलीये असं बंदरावर ऐकलं.

बीचबद्दल फार सांगत नाही, ते सगळ्यांना माहितीये. मुरुडला गेलात तर एवढं लक्षात असू द्या की हे महर्षी कर्व्यांचं गाव. इथून परीक्षेसाठी ते साताऱ्यापर्यंत चालत गेले होते, आणि वय कमी दिसतं म्हणून त्यांना बसू दिलं नाही. उत्तरेला आंजर्ले, पूर्वी हर्णैकडून जोग नदीच्या खाडीतून तरीने जावं लागायचं, आजी पदर खोचून आणि तोंडाने रामरक्षा म्हणत तरीत बसायची, आता पूल झाल्यावर पाच मिनिटांचं काम. कड्यावरच्या गणपतीचं देऊळ वर डोंगरावर आहे, तिथून खाली बघितलं की माडांच्या वाड्या, खाडीचं तोंड आणि लांब पाण्यात सुवर्णदुर्ग असं सगळं एका नजरेत येतं. माड जरा विरळ वाटले तर ते २०२० च्या निसर्ग वादळाचं, ३ जूनला एका दुपारीत वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या, पोफळी तर विचारूच नका. थंडी सरताना आंजर्ल्याला आणि पलीकडे वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात, त्या सुमाराला गेलात तर पहाटे उठा.

एक राहिलंच. जेम्स इंग्लंडला परत गेला, ईस्ट इंडिया कंपनीचा डायरेक्टर झाला, सर झाला, १७८३ ला वारला. त्याच्या बायकोने पुढच्याच वर्षी त्याच्या आठवणीला लंडनमध्ये शूटर्स हिल नावाच्या टेकडीवर एक तिकोनी मनोरा बांधला. नाव सेव्हर्नद्रुग कॅसल. सुवर्णदुर्गचं इंग्रजांच्या तोंडात झालेलं ते. दगडावर कोरलंय की मलबार किनाऱ्यावरचा हा किल्ला त्याने २ एप्रिल १७५५ ला जिंकला. मलबार! रत्नागिरी जिल्ह्याला.

माझी मावसबहीण तिकडेच राहते, मुलांना घेऊन रविवारी सहज फिरायला गेली होती, खाली चहाचं दुकान आहे, वरून अख्खं लंडन दिसतं म्हणे. तिने पाटीचा फोटो पाठवला आणि खाली विचारलं, "अगं, हे आपल्या हर्णैचंच ना?" मी हो म्हटलं, आणि आंजर्ल्याच्या डोंगरावरून काढलेला फोटो तिला परत पाठवला.