सॅलिसिलेटपासून सीआरपीपर्यंत: दाह आणि साखरेच्या नात्याची पार्श्वभूमी

१८७६ साली जर्मनीतले डॉक्टर विल्हेल्म एबश्टाइन यांनी मधुमेही रुग्णांना सोडियम सॅलिसिलेट (ॲस्पिरिनच्या कुळातलं औषध) मोठ्या मात्रेत दिलं आणि लघवीतली साखर कमी झाल्याचं नोंदवलं. १९०१ मध्ये मँचेस्टरच्या आर. टी. विल्यमसन यांनाही तेच दिसलं. ताप आणि सूज उतरवणाऱ्या औषधानं साखर का उतरावी, हे तेव्हा कुणालाच सांगता येत नव्हतं. पुढे इन्सुलिन हाती आलं आणि हा प्रश्न मागे पडला. १९५७ मध्ये तो पुन्हा वर आला. संधिज्वरासाठी भरपूर ॲस्पिरिन दिलेल्या एका मधुमेही रुग्णाला रोजच्या इन्सुलिनची गरजच उरली नव्हती.

दाह, म्हणजे जखम किंवा संसर्गाला शरीर देतं ती सुजेची प्रतिक्रिया, मोजायचं साधन तोवर हाती आलं होतं. न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तद्रवात टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये १९३० साली जे प्रथिन सापडलं, तेच सीआरपी (सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन). आयएल-६ (इंटरल्यूकिन-६) या दाहाचा संदेश नेणाऱ्या रेणूचा निरोप मिळाला की यकृत ते तयार करतं. रक्तातलं निम्मं सीआरपी साधारण १९ तासांत नाहीसं होतं, त्यामुळे कारण दूर झालं की आकडा भराभर खाली येतो.

खरी कलाटणी मिळाली १९९३ मध्ये. लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ-अल्फा हा दाहकारक रेणू जास्त तयार होतो आणि तो अडवला की इन्सुलिन पुन्हा नीट काम करतं, हे बोस्टनमध्ये होतामिश्लिगिल आणि स्पीगलमन यांनी दाखवलं. इन्सुलिन पेशीला चिकटतं, पण आतल्या आयआरएस-१ या प्रथिनावर दाहाच्या साखळीमुळे भलत्या जागी फॉस्फेट बसतं आणि पुढचा संदेश अडतो. साखर रक्तातच राहते. चरबी म्हणजे नुसतं साठवणीचं कोठार, ही समजूत इथे कोसळली.

२००१ मध्ये जुनं कोडं सुटलं. मोठ्या मात्रेतलं सॅलिसिलेट याच साखळीतलं आयकेके-बीटा हे विकर (एन्झाइम) दाबतं, असं संशोधक शोएल्सन यांच्या गटानं दाखवलं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या महिलांच्या मोठ्या पाहणीत, पुढे मधुमेह झालेल्यांचं सीआरपी आधीपासूनच चढलेलं आढळलं.

पुण्याचं नाव या इतिहासात हक्कानं येतं. २००४ मध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी स्वतःचीच तुलना छापली. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के. आपल्याकडचा सडपातळ माणूसही चरबीतून येणाऱ्या या दाहापासून सुरक्षित का नाही, ते या दोन आकड्यांत दिसतं.

मग दाह दाबून मधुमेह आटोक्यात येईल का? २०१३ च्या चाचणीत रोज ३.५ ग्रॅम सॅल्सलेट (सॅलिसिलेटचाच एक प्रकार) ४८ आठवडे दिल्यावर एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ०.३७ टक्क्यानं घटलं. पण एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) वाढलं, लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिनही वाढलं, म्हणून ते नेहमीच्या उपचारांत आलं नाही. २०१७ च्या कॅन्टोस चाचणीत कॅनाकिनुमॅब या दाहविरोधी इंजेक्शननं सीआरपी ठळकपणे उतरवलं, हृदयविकाराचे झटकेही कमी केले. साखरेवरचा परिणाम मात्र काही महिन्यांतच विरला.

म्हणून सीआरपी बघून गोळ्या किंवा इन्सुलिनची मात्रा ठरवू नये. त्यासाठी एचबीए१सी आणि घरची ग्लुकोमीटरची नोंदच हवी. हृदयविकाराच्या जोखमीसाठी एचएस-सीआरपी (सीआरपीची अधिक संवेदनशील तपासणी) प्रतिलिटर १ मिलिग्रॅमच्या आत असेल तर कमी, १ ते ३ मध्यम आणि ३ च्या वर जास्त मानतात. १० च्या वर गेलं, तर आधी संसर्ग शोधावा: पायाची जखम, लघवीची जळजळ, हिरड्या. तो बरा झाल्यावर दोनेक आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी. हिरड्यांकडे फार दुर्लक्ष होतं. त्यांच्या जुनाट आजारावर दंतवैद्यानं मुळाशी सफाई केली, तर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी सरासरी ०.४ टक्क्याच्या आसपास उतरतं, म्हणजे सॅल्सलेटच्या तोडीस तोड.