प्रायोगिक लघुदृष्टीवरील औषधांचे परिणाम

लघुदृष्टीत डोळ्याचा गोल बहुधा मागच्या बाजूला लांबतो आणि दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडेच पडते. वाढत्या वयाच्या प्राण्यांमध्ये हा दोष मुद्दाम निर्माण करता येतो, आणि तो कोणत्या औषधाने रोखला जातो यावरून डोळ्याच्या वाढीचे नियंत्रण उलगडत जाते.

माकडाच्या पिल्लांच्या पापण्या शिवल्या की डोळा लांबतो, हे टॉर्स्टन वीझल आणि एलिओ राव्हिओला यांनी १९७७ मध्ये दाखवले. पुढे सर्वाधिक वापर झाला तो कोंबडीच्या पिल्लांचा. पिल्लाच्या एका डोळ्यावर धुरकट प्लास्टिकची टोपी चिकटवतात. उजेड आत जातो, पण आकार दिसत नाहीत. आठवड्या-दोन आठवड्यांत त्या डोळ्याला दहाहून अधिक डायॉप्टरची (चष्म्याच्या नंबराचे एकक) लघुदृष्टी येऊ शकते. दुसरा डोळा तुलनेसाठी उघडाच ठेवतात. टोपीऐवजी ऋण (अंतर्गोल) भिंग लावूनही डोळा लांबतो.

औषधांपैकी सर्वांत बोलके ठरले अ‍ॅट्रोपिन. जवळचे पाहताना भिंगाचा आकार बदलणाऱ्या स्नायूला ते शिथिल करते, म्हणून ते उपयोगी पडते, असा जुना समज होता. पण कोंबडीत हा स्नायू रेखित (हातापायांच्या स्नायूंसारखा पट्टेदार) असतो आणि त्याच्यावरचे ग्राही, म्हणजे रासायनिक संदेश पकडणारे रेणू, निकोटिनी प्रकारचे असतात. अ‍ॅट्रोपिन अडवते ते दुसऱ्या, मस्करिनी प्रकारच्या ग्राहींना, त्यामुळे या स्नायूवर त्याचा जोर चालत नाही. तरीही १९९३ मध्ये नेव्हिल मॅकब्रायन व सहकाऱ्यांनी पिल्लांच्या झाकलेल्या डोळ्यात अ‍ॅट्रोपिन टोचले, तेव्हा डोळ्याचे लांबणे कमी झाले. स्नायूच्या विश्रांतीचे स्पष्टीकरण इथे मोडीत निघाले. दृष्टिचेता (डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस) कापल्यावरही झाकलेला डोळा लांबतो, म्हणजे वाढीचा हुकूम बऱ्याच अंशी डोळ्यातच निघतो, ही गोष्टही त्याच्याशी जुळते.

मग अ‍ॅट्रोपिन नेमके कुठे काम करते? मस्करिनी ग्राहींवर निवडक परिणाम करणारे पायरेन्झेपिन पिल्लांत आणि वृक्षचिचुंद्री या खारीसारख्या लहान सस्तन प्राण्यातही परिणामकारक ठरले. मात्र अशा प्रयोगांत डोळ्यात टोचलेली मात्रा फार मोठी असते. तेवढ्या मात्रेत औषध इतर ग्राहींनाही चिकटते, हा आक्षेप गंभीर आहे. मुलांवरील सिंगापूरच्या चाचणीत (२०१२) अ‍ॅट्रोपिनचे अवघे ०.०१ टक्क्याचे थेंबही वापरले गेले, हा फरक ध्यानात ठेवायला हवा.

दुसरा धागा डोपामाइन या चेतापेशींमधल्या संदेशवाहक पदार्थाचा. झाकलेल्या डोळ्याच्या दृष्टिपटलात दिवसा डोपामाइन कमी असते आणि त्याच्यासारखेच काम करणाऱ्या अ‍ॅपोमॉर्फिनने लांबणे रोखले जाते, असे रिचर्ड स्टोन व सहकाऱ्यांना १९८९ मध्ये पिल्लांत आढळले. प्रखर उजेडही पिल्लांना लघुदृष्टीपासून वाचवतो, पण डोपामाइनचे ग्राही अडवणारे स्पायपेरोन दिले की हे संरक्षण नाहीसे होते.

एका प्राण्यातला निष्कर्ष दुसऱ्याला जसाच्या तसा लावता येत नाही. अ‍ॅट्रोपिनने एका जातीच्या माकडात लघुदृष्टी टळली, तर ऱ्हीसस माकडात त्याच संशोधकांना (राव्हिओला आणि वीझल) तसे दिसले नाही. कोंबडीच्या श्वेतपटलात (डोळ्याच्या पांढऱ्या बाह्य आवरणात) कूर्चेचा थर असतो आणि लघुदृष्टीत तो वाढतो, तर सस्तन प्राण्यांचे तंतुमय श्वेतपटल उलट पातळ होते.