उरलेल्या मेणाची नवी मेणबत्ती: सगळी भिस्त वातीवर

मराठवाड्यात मृगाआधीच्या वादळात वीज गेली की घरोघरी मेणबत्त्या निघतात आणि पावसाळा सरेपर्यंत कोनाड्यात त्यांच्या बुडाच्या चकत्या व गोठलेले ओघळ साठतात. हे मेण वाया गेलेले नसते. बाजारातील बहुतेक मेणबत्त्या खनिज तेलापासून मिळणाऱ्या पॅराफिनच्या असतात, आणि वितळून पुन्हा गोठल्याने त्याच्या रेणूंत काहीच बदल होत नाही; जळाले तेवढेच गेले, उरले ते इंधन म्हणून नव्याइतकेच चांगले.

पॅराफिन साधारण ४६ ते ६८ अंश सेल्सिअसला वितळते. ते थेट गॅसवर ठेवू नये, कारण पाण्यासारखी उकळी फुटून ते इशारा देत नाही आणि सुमारे २०० अंशांच्या आसपास त्याची वाफ पेट घेऊ शकते. पाण्याच्या पातेल्यात डबा ठेवून वितळवल्यास हा धोका टळतो. समुद्रसपाटीपासून पाचसहाशे मीटर उंचीवरच्या आपल्या भागात पाणी ९८ अंशांच्या सुमारास उकळते आणि मेण त्याच्या वर तापत नाही. तरीही मेण पेटलेच, तर गॅस बंद करून झाकण ठेवावे. पाणी मुळीच ओतू नये. ते मेणापेक्षा जड असल्याने तळाशी जाते, तिथे त्याची क्षणात वाफ होते आणि पेटते मेण चहूकडे उडते. वितळलेले मेण पातळ सुती कापडातून गाळावे, कारण काडीचा किंवा जुन्या वातीचा चुरा नव्या वातीची छिद्रे बुजवतो.

घरच्या मेणबत्त्या बिघडतात त्या बहुधा वातीपायी. मेणबत्तीत जळते ती मेणाची वाफ. फुंकर मारताच निघणाऱ्या पांढऱ्या धुरात पेटती काडी धरली, तर ज्योत धुरावरून उडी मारून वातीवर परत येते; इंग्रज शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडे यांनी १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांपुढे मेणबत्तीवरच व्याख्यानमाला दिली होती. वातीचे काम वितळलेले मेण वर ओढून ज्योतीपर्यंत पोचवण्याचे. देवघरातील कापसाची वळलेली वात इथे चालत नाही. समईपाशी काजळी झाडायला कुणी तरी असते, मेणबत्तीपाशी नसते. १८२५ मध्ये फ्रान्समध्ये कांबासेरेस यांनी वेणीसारखी गुंफलेली वात आणली. ती जळताना वाकते, तिचे टोक ज्योतीच्या कडेला, जिथे प्राणवायू मुबलक असतो तिथे येते आणि आपोआप जळून जाते. म्हणून पांढऱ्या सुती दोऱ्याची तीन पेडी वेणी घालून ती मेणात बुडवावी आणि ताणून सुकवावी. नायलॉनचा दोरा नको, तो वितळतो. वात बारीक पडली तर मधोमध विहीर होऊन कडेचे मेण तसेच राहते. जाड झाली तर ज्योत धूर ओकते.

स्टीलच्या पेल्याला आतून तेलाचा हात फिरवावा, तोंडावर खराट्याचा हीर आडवा ठेवून त्याला वात बांधावी आणि मेण ओतावे. गोठताना पॅराफिन बरेच आकसते, कडा आधी घट्ट होतात आणि शेवटी मधले मेण खाली ओढले जाऊन वातीभोवती खड्डा पडतो. त्यासाठी थोडे मेण राखून ठेवून, वरची साय धरल्यावर काडीने टोचून ते दुसऱ्यांदा ओतावे.

तयार मेणबत्त्या मे महिन्यात पत्र्याखालच्या फळीवर उभ्या ठेवू नयेत. वितळणबिंदूच्या बऱ्याच आधी पॅराफिन मऊ पडते आणि त्या माना टाकतात. जमिनीलगत मातीच्या माठाशेजारी आडव्या ठेवलेल्या सरळ राहतात.